गरोदरपणातला धोका आधी कार्डावर दिसतो

गरोदर बाई अचानक गंभीर झाली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते अचानक घडलेलं नसतं. हिमोग्लोबिन दोन महिने घसरत असतं. बीपी प्रत्येक भेटीत थोडं थोडं चढत असतं. एखाद्या महिन्यात वजन एकदम चार किलोंनी वाढलेलं असतं. हे सगळं माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं. कार्ड मात्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेलं असतं आणि दवाखान्यात जायच्या दिवशीच बाहेर निघतं.

कारंजा लाड आणि आसपासच्या खेड्यांत हे कार्ड घरच्यांना वाचता येणं जरा जास्तच गरजेचं आहे, कारण इथली अंतरं. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, खाजगी प्रसूतिगृहं आहेत. पण गुंतागुंत वाढली, रक्ताच्या तीन-चार पिशव्या लागल्या किंवा बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, तर वाशीम, अकोला, अमरावती नाहीतर यवतमाळ गाठावं लागतं. यातलं एकही शहर पन्नास किलोमीटरच्या आत नाही. उंबर्डा बाजार, धनज, मनभा किंवा पोह्याकडच्या एखाद्या वस्तीवरून निघायचं, तर आधी कारंज्यापर्यंतचा रस्ता वेगळाच. म्हणून इथे धोका कळण्याची वेळ थोडी आधी सरकवावी लागते.

राज्याचं एकूण चित्र वाईट नाही. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. पण त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे बाई दवाखान्यात पोचते, पण पोचते ती अशक्त होऊन. उरलेलं काम आधीच्या आठ-नऊ महिन्यांत, घरात आणि शेतात करायचं आहे.

## पहिले बारा आठवडे

दिवस गेलेले लगेच कोणाला सांगू नयेत, तीन महिने होऊ द्यावेत, अशी रीत अनेक घरांत आहे. शेजारीपाजारी नका सांगू. आशाताईला मात्र पहिल्याच महिन्यात सांगा. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. वाशीमसारख्या आकांक्षित जिल्ह्याची प्रगती मोजताना नीती आयोग जे निकष पाहतो, त्यांत पहिल्या तिमाहीतली नोंदणी आहे, ती उगाच नाही.

पहिल्या भेटीतल्या तपासण्या पुढच्या सगळ्या मापांचा पाया असतात: वजन, उंची, बीपी, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवीतली साखर आणि प्रथिनं, तसंच एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी. त्यानंतर १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर अशा आणखी किमान तीन भेटी. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सुचवते. चार ही तळाची मर्यादा आहे, चारनंतर थांबायचं नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. ज्यांच्या बाबतीत जोखीम जास्त दिसते त्यांच्या कार्डावर लाल खूण लावतात. लाल खूण पाहून घाबरायचं कारण नाही. बाळंतपण कुठे करायचं हे आता डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, गावात ठरवायचं नाही, एवढाच तिचा अर्थ.

वय अठराच्या आत किंवा पस्तिसाच्या वर, आधीचं सिझर, जुळं, आधी गर्भपात किंवा बाळ दगावलेलं, आधीच बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्स किंवा हृदयाचा आजार असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. आधीच्या बाळंतपणाची फाईल सोबत न्या. तोंडी माहितीत नेमकं महत्त्वाचं तेच राहून जातं.

## रक्ताचा आकडा

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. तीव्र असेल तर गोळ्यांवर भागत नाही, दवाखान्यात उपचार लागतात. ५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी भरती. मध्यम रक्तक्षयात गोळ्यांनी आकडा चढत नसेल किंवा दिवस भरत आले असतील, तर शिरेतून लोह देता येतं. हे इंजेक्शन पहिल्या तीन महिन्यांनंतरच देतात.

इतकी धडपड कशासाठी? बाळंतपणात प्रत्येक बाईचं थोडंफार रक्त जातंच. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई अर्धा लिटर रक्तस्राव सोसते. ७ असलेल्या बाईसाठी तेवढाच स्राव जिवावर बेततो.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्तक्षय असेल तर डॉक्टर दिवसाला दोन सांगतात. जंतांसाठी अल्बेंडाझोलची एक गोळी पहिल्या तिमाहीनंतर दिली जाते. जंत असताना कितीही लोह खाल्लं तरी ते अंगी लागत नाही.

गोळ्या मिळतात, पण पोटात जात नाहीत, ही खरी अडचण. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, शौचाला काळं होतं. शिवाय घरातून एक वाक्य हमखास ऐकू येतं: “गोळ्यानं लेकरू मोठं होते अन् मंग सिझर करा लागते.” शौचाचा काळा रंग लोहामुळे येतो, त्यात काही वावगं नाही. गोळीने बाळ अवाजवी मोठं होत नाही. ते होतं आईची शुगर वाढली तर, आणि तिची तपासणी वेगळी आहे. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने गोळी घ्या. सोबत लिंबूपाणी किंवा आवळा असेल तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर मात्र घेऊ नका. तिन्हींमुळे लोह वाया जातं.

या गोळीतल्या फॉलिक आम्लाचं मूळ मुंबईत आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय का होतो, याचा शोध घेताना तिने त्यांच्या जेवणाकडे लक्ष दिलं आणि यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो हे १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, तेव्हा फोलेट लागतं. त्या वेळी पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. म्हणून मूल हवं असेल तर फॉलिक आम्ल आधीपासूनच सुरू करणं चांगलं.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेलं जातं. पुष्कळदा ती लोह कमी असल्याची खूण असते. माती खाल्ल्याने जंत होतात आणि लोह आणखी घटतं. असं काही दिसलं तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

विदर्भात आणखी एक तपासणी विसरू नये, ती सिकलसेलची. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लवकर कळलं तर पुढची तपासणी आणि सल्ला वेळेत मिळतो. बाईला स्वतःला सिकलसेल असेल तर बाळंतपण मोठ्याच रुग्णालयात करायला हवं.

## ताटात काय असावं

कारंज्याच्या बाजार समितीत तूर आणि सोयाबीन पोत्यांनी उतरतं. त्याच तालुक्यातल्या गरोदर बाईच्या ताटात वरण पातळ असतं आणि ती जेवते सगळ्यांच्या शेवटी. दोन जिवांसाठी दुप्पट जेवायची गरज नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक भाकर, एक वाटी घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे. नऊ महिन्यांत नऊ ते अकरा किलो वजन वाढणं ठीक मानतात. बाई आधीच फार बारीक किंवा फार जाड असेल तर डॉक्टर वेगळा अंदाज सांगतील.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा जो अभ्यास केला, त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. बाळाच्या जन्मवेळच्या आकाराचा संबंध नुसत्या खाल्लेल्या उष्मांकांशी फारसा लागला नाही. तो लागला हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. म्हणून ज्वारीची भाकर कायम ठेवा, पण तिच्याबरोबर मेथी, पालक, अंबाडी, चिवळ, शेवग्याचा पाला यांतलं काहीतरी रोज असू द्या. पेरू, बोरं, संत्री, आवळा, जे त्या हंगामात मिळेल ते फळ. महागड्या डब्यातल्या पावडरीची गरज बहुतेकांना नसते.

याच अभ्यासात बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरताही पुष्कळ बायकांत आढळली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणाऱ्या खुणा अधिक दिसल्या, असं डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं. बी-१२ डाळी-भाज्यांतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळतं. कारंज्यात जैन आणि इतर शाकाहारी कुटुंबं बरीच आहेत. अशा घरांत दूध-दही नेमाने असावं आणि बी-१२ ची गोळी लागते का, हे डॉक्टरांना आपणहून विचारावं.

कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोन, चौदाव्या आठवड्यापासून. त्या जेवणासोबत घ्यायच्या आणि लोहाच्या गोळीपासून निदान दोन तास लांब ठेवायच्या.

उपासाचं काय? निर्जळी हरतालिका, पर्युषणातले उपास, रोजे, नवरात्र ही श्रद्धेची बाब आहे. पण पाणी न पिता दिवस काढणं गरोदरपणात नकोच, त्यातही शुगर, बीपी किंवा रक्तक्षय असेल तर मुळीच नको. घरातल्या मोठ्या बाईने “यंदा तू नको करू, मी तुझ्या वाटचा करते” असं म्हटलं, तर सुनेच्या मनावरचं ओझं उतरतं.

## बीपी: एक आकडा नको, रांग वाचा

गरोदरपणात वरचं बीपी १४० किंवा खालचं ९० झालं आणि चार तासांनी पुन्हा तपासल्यावरही तितकंच आलं, तर ते वाढलेलं धरतात. १६० किंवा ११० म्हणजे तातडीची वेळ. वीस आठवड्यांनंतर वाढलेल्या बीपीबरोबर लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा लिव्हर, किडनी, मेंदूवर परिणाम दिसू लागला की त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तो वाढला की झटके येतात. आई आणि बाळ दोघांचाही जीव त्यात जाऊ शकतो.

समजा, एका कार्डावर अशी नोंद आहे. सोळाव्या आठवड्यात १०६/६८, चोविसाव्या आठवड्यात ११२/७२, तिसाव्यात १२६/८२, तेहतिसाव्यात १३८/८८. यातला एकही आकडा १४०/९० ला पोचलेला नाही. एकेकटा पाहिला तर कोणीही “नॉर्मल आहे” म्हणेल. पण ओळीने वाचलं तर चढ स्पष्ट आहे. शेजारचा वजनाचा रकाना पाहिला, तर शेवटच्या तीन आठवड्यांत वजन साडेतीन किलोंनी वाढलेलं आहे. हे बाळाचं वजन नव्हे, अंगात साठलेलं पाणी असू शकतं. अशा वेळी पुढची तारीख महिन्यानंतरची असली तरी थांबायचं नाही. त्याच आठवड्यात पुन्हा बीपी आणि लघवी तपासून घ्यायची. कार्ड वाचणं म्हणतात ते हे.

संध्याकाळी पायांवर थोडी सूज येणं बहुतेकींना होतं. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसणं, बोटातली अंगठी निघेनाशी होणं, सतत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, छातीखाली उजव्या बाजूला दुखणं या खुणा वेगळ्या. यांपैकी एकही दिसली तर रात्र झाली तरी निघायचं. पित्त झालं असेल म्हणून गोळी देऊन झोपवायचं नाही.

झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त इंजेक्शन आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय या आंतरराष्ट्रीय चाचणीत या औषधाने झटक्यांचं प्रमाण निम्म्याहूनही कमी झालेलं दिसलं. पण ते द्यायला बाई वेळेत दवाखान्यात असावी लागते. आधीच्या खेपेला बीपी वाढलं असेल तर पहिल्या तिमाहीतच डॉक्टरांना सांगा. काही जणींना कमी मात्रेतली ॲस्पिरिन त्या वेळी सुरू करतात. ती आपल्या मनाने घ्यायची नसते.

## साखरेची तपासणी

पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असायची अट नाही. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळू नका. हा मधुमेह बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यातच उमटतो.

बऱ्याच जणींची शुगर जेवणातल्या बदलाने आणि जेवणानंतर अर्धा तास चालण्याने ताब्यात येते. साखरेचा चहा दिवसातून चार वेळा, वर बिस्किटं, पोहे आणि साबुदाणा, या सवयी बदलाव्या लागतात. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर औषध किंवा इन्सुलिन लागतं. शुगर सोडून दिली तर बाळाचं वजन अवाजवी वाढतं, बाळंतपण अडतं आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते.

## लघवीची जळजळ, ताप आणि रक्तगट

शेतात दिवसभर आडोसा नसतो, म्हणून बायका पाणीच कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो. गरोदरपणात तो किडनीपर्यंत चढायला वेळ लागत नाही आणि अकाली कळाही सुरू होऊ शकतात. जळजळ, वारंवार जावंसं वाटणं, कंबरेच्या बाजूला दुखणं, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं तर लघवी तपासा आणि सांगितलेला औषधांचा कोर्स पूर्ण करा.

धनुर्वात-घटसर्पाच्या टीडी लसीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. मागच्या तीन वर्षांत दोन्ही झाले असतील तर एक पुरतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डी हे इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा लागतं. गर्भपात झाला तरी ते लागतं. ते चुकलं तर फटका पुढच्या बाळाला बसतो.

## शेतातलं काम, फवारणी आणि ऊन

निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी ही कामं गरोदर आहे म्हणून थांबत नाहीत. मजुरी बुडवणं सगळ्यांना परवडत नाही. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात जास्त कष्टाची कामं करणाऱ्या बायकांची बाळं वजनाने कमी निघाली होती. काम पूर्ण सुटत नसेल तर निदान त्याचा प्रकार बदला. डोक्यावर पाण्याचे हंडे, गवताचे भारे, खताच्या पोत्यांची उचल नको. तासन् तास वाकून करायचं काम वाटून घ्या. दुपारी तासभर कुशीवर आडवं व्हा. सातव्या महिन्यानंतर पाठीवर उताणं झोपणं टाळा.

फवारणी हा इथला वेगळा धोका आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. गरोदर बाई पंप पाठीवर घेत नाही, पण पाणी आणून देते, औषध कालवायला मदत करते, फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला जाते आणि नवऱ्याचे कपडे धुते. ही चारही कामं तिने करू नयेत. कपडे धुवायचेच असतील तर फवारणाऱ्यानेच, वेगळ्या पाण्यात धुवावेत. फवारणीचे रिकामे डबे पाणी किंवा धान्य साठवायला घरात आणू नयेत.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. गरोदर बाईला ऊन लवकर लागतं आणि पाणी कमी पडलं की अकाली कळा येण्याची भीती असते. अकरा ते चार शेतात नको. ताक, लिंबूपाणी, पन्हं हाताशी ठेवा. शुगर असेल तर पन्ह्यात गूळ घालू नका.

## खर्रा आणि घरची औषधं

विदर्भात खर्रा पानठेल्यापुरता राहिलेला नाही, घरोघरी बायकाही खातात. कोणी मिश्रीने दात घासतं. तंबाखू कशीही घेतली तरी निकोटिन रक्तात जातं, बाळाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मतं. गरोदरपणाच्या कुठल्याही टप्प्यावर खर्रा सोडला तरी फायदा होतो. उशीर झाला म्हणून चालू ठेवण्यात अर्थ नाही. नवऱ्याच्या बिडीचा धूर आणि चुलीचा धूरही यात धरायचा.

मेडिकलमधून “अंगदुखीची गोळी द्या” म्हणून औषध आणू नका. दुखण्यावरच्या काही गोळ्या पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या किडनीला आणि हृदयाला घातक ठरतात. मुरुमांवरच्या काही औषधांनी बाळात व्यंग येऊ शकतं. गर्भ राहण्यासाठी, मुलगाच होण्यासाठी किंवा बाळ गोरं होण्यासाठी दिलेल्या पुड्या आणि काढे घेऊ नका. त्यांत काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आधीपासून फिट्स, थायरॉइड किंवा दम्याची औषधं चालू असतील तर ती मनाने बंदही करू नका.

सोनोग्राफी बाळाची वाढ, व्यंग, वारेची जागा आणि पाणी बघण्यासाठी असते. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी सर्वांत महत्त्वाची. वार खाली आहे असं त्यात निघालं तर पुढचं बाळंतपण कुठे करायचं ते लगेच ठरवता येतं. मुलगा की मुलगी हे सांगणं आणि विचारणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

## ही लक्षणं दिसली तर वाट पाहायची नाही

- अंगावरून रक्त जाणं, कितीही थोडं असलं तरी, आणि दुखत नसलं तरीही
- दिवस भरण्याआधी पाणी जाणं किंवा नियमित कळा येणं
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटका
- थंडी वाजून ताप, सतत उलट्या, धाप लागणं, छातीत धडधड
- बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं

शेवटच्या लक्षणाबद्दल थोडं अधिक. हालचाल साधारण अठरा-वीस आठवड्यांपासून जाणवू लागते. सातव्या महिन्यानंतर रोज जेवण झाल्यावर कुशीवर पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. काहीतरी गोड खाऊन बघू, यात वेळ जातो.

## सातव्या महिन्यातच ठरवायच्या गोष्टी

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले होते: जायचं की नाही हे ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिले दोन आपल्या हातात आहेत, आणि ते घरी बसून आधीच संपवता येतात. ओटीभरणाला सगळे नातेवाईक जमतात. जेवणं उरकली की अर्धा तास याला द्यावा.

कुठल्या दवाखान्यात जायचं, आणि तिथून पुढे पाठवलं तर वाशीम, अकोला, अमरावती, यवतमाळपैकी कुठे, हे ठरवा. वाशीम आणि अमरावती इथेही २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. गावातल्या एका गाडीवाल्याशीही बोलून ठेवा. रक्त देऊ शकतील अशा दोघांची नावं कार्डाच्या मागे लिहा. पावसाळ्यात गावचा नाला भरून रस्ता तुटत असेल तर दिवस भरायच्या आठवडाभर आधीच कारंज्यात नातेवाइकांकडे येऊन राहा. आणि नवरा घरी नसताना “आता निघायचं” हा निर्णय कोण घेणार, हे स्पष्ट बोलून ठेवा. अनेक घरांत तासच्या तास इथेच जातात.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. मग कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि गोळ्या सोबत न्यायच्या आणि माहेरच्या आशाताईकडे पोचल्या दिवशीच नाव सांगायचं. नवव्या महिन्यात पोचून नोंदणी केली, तर तिथल्या सिस्टरला आधीचा एकही आकडा माहीत नसतो.

पैशांची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बायकांना पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, दुसरं बाळ मुलगी असल्यास ६,०००. यासाठीही लवकर नोंदणी आणि तपासण्यांची नोंद लागते.

## बाळंतपणानंतरचे ४२ दिवस

बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे जातं. आईचा धोका मात्र पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो. म्हणून साधं बाळंतपण झालं तरी निदान ४८ तास दवाखान्यातून घरी जायची घाई करू नका. पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल, गाठी पडत असतील, चक्कर येत असेल तर ताबडतोब सिस्टरला सांगा. घरी आल्यावर ताप, घाण वास येणारा स्राव, पोटात दुखणं, टाक्यांतून पू किंवा एका पोटरीला सूज आणि दुखणं दिसलं तरी परत दवाखाना.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, खोली बंद करून शेगडीचा धूर करायचा, वरण-भाताखेरीज काही द्यायचं नाही, या रीती सोडायला हव्यात. पाणी कमी पडलं की दूध कमी येतं आणि बद्धकोष्ठ होतं. बंद खोलीतला धूर आई-बाळ दोघांनाही बाधतो. डिंक-मेथीचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल द्या, पण भाजी, डाळ आणि अंडी चालत असतील तर अंडीही द्या. लोहाची गोळी बंद करायची नाही.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. त्या भेटीत आईबद्दलही बोला. दोन आठवड्यांहून जास्त रडू येत असेल, झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. पुढच्या गरोदरपणापर्यंत किमान दोन वर्षांचं अंतर राहील अशी साधनंही याच काळात विचारून घ्या. कॉपर-टी तर बाळंतपणानंतर लगेचही बसवता येते.

पुढच्या तपासणीला जाताना घरातलं एक माणूस सोबत जाऊ द्या, नवरा असेल तर उत्तम. परत येण्याआधी त्याने सिस्टरला तीन गोष्टी विचाराव्यात: हिमोग्लोबिन मागच्यापेक्षा वर गेलं की खाली, बीपीची रांग कुठे चालली आहे, आणि पुढची तारीख कोणती. तिन्ही उत्तरं कार्डावर लिहिलेली दिसली की मगच दवाखान्यातून निघायचं.